उमेदवाराची सचोटी: भंडारा जिल्ह्याच्या अनुभवावरून एक आढावा

१५ फेब्रुवारी १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भंडारा मतदारसंघातील लोकसभेची निवडणूक समूळ रद्द ठरविली, आणि ज्या कारणांमुळे ती रद्द ठरली त्यांपैकी एक कारण म्हणजे या जिल्ह्याच्या गावोगावी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाया तेंदूच्या पानांत तंबाखू भरून दिवसभर जी वळीत असतात ती विडी होय. उमेदवाराची सचोटी कशी ओळखावी हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीच्या तोंडावर विचारला जातो आणि निकाल लागला की दप्तरात बांधून ठेवला जातो. परंतु ज्यांना त्याचा मुळापासून विचार करावयाचा आहे त्यांनी दूरच्या ग्रंथांकडे वळण्यापूर्वी भंडाऱ्याच्या या पहिल्या निवडणुकीची हकीकत वाचावी, असे मला वाटते.

भंडारा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रदेशाचा तो एक जिल्हा होता, आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्याच्याच पोटात होता. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी नष्ट झाली त्याला पुरते वर्षही लोटले नव्हते, तोच ज्या कुळांच्या धानाच्या बांध्या कालपर्यंत मालगुजाराच्या तलावाच्या पाण्यावर आणि त्याच्या मर्जीवर अवलंबून होत्या, त्या कुळांच्या हाती मताचा कागद आला. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले, आणि मोरेश्वर पराशराम यांनी त्या निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. अर्जातील तक्रारी दोन होत्या. जसानी ज्या विडीच्या पेढीत भागीदार होते त्या पेढीचा सैनिकांच्या उपाहारगृहांना विड्या पुरविण्याचा सरकारशी करार होता, ही एक; आणि राखीव जागेसाठी आलेला गंगाराम ठवरे यांचा अर्ज, ते महानुभाव पंथात गेल्यामुळे महार राहिले नाहीत, असे ठरवून निवडणूक अधिकाऱ्याने चुकीने फेटाळला, ही दुसरी.

न्यायमूर्ती विवियन बोस, जे त्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते आणि या मुलुखाची नाडी जाणत होते, त्यांनी दोन्ही तक्रारी मान्य केल्या. ठवरे यांच्याविषयी त्यांनी असा निर्णय दिला की पंथाची दीक्षा घेतल्याने माणूस आपोआप जातीबाहेर जात नाही. तो स्वतःस काय समजतो, जुना समाज त्यास कसा वागवितो आणि नवा पंथ त्याच्याकडून कोणता त्याग मागतो, हे सारे पाहावे लागते. जसानींच्या बाबतीत बचाव असा होता की सरकारच्या वतीने करार करण्याचा जो नमुना राज्यघटनेने घालून दिला आहे त्यात हा करार बसत नाही, सबब तो करारच नव्हे. न्यायालयाने ही सबब मानली नाही. माल पोचला तरी त्याचे पैसे येणे आहेत तोवर करार जिवंत आहे, आणि करार जिवंत असता उमेदवाराचे हित आणि त्याचे कर्तव्य एकमेकांसमोर उभे राहतात. विधिमंडळ या संघर्षापासून निर्मळ ठेवण्यासाठीच कायद्याने ही अपात्रता घातली आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे अशी माझी विनंती आहे. जसानी लबाड आहेत असे न्यायालयाने कोठेही म्हटले नाही. त्यांच्या मनात काय होते याची चौकशीच केली नाही. आपण मतदार मात्र नेमकी तीच चौकशी करीत बसतो: माणूस साधा आहे काय, देवभक्त आहे काय, बोलण्यात गोड आहे काय, लग्नकार्याला येतो काय, मयतीला येतो काय. धानपट्ट्यात एखाद्याची स्तुती करावयाची असली की 'हाताचा साफ आहे' असे म्हणतात, आणि ते म्हणणे पुष्कळदा खरेही असते. पण ज्याच्या हातातून पैसा कधी गेलाच नाही त्याचा हात साफ असणे आणि ज्याच्या हातातून लक्षावधी रुपये जातात त्याचा हात साफ असणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अंतःकरण हे परमेश्वराने जाणावे. माणसाचा स्वार्थ कोठे गुंतला आहे हे मात्र शेजाऱ्यालाही कळू शकते. इंग्लंडात १७८२ साली सरकारी मक्तेदारांना पार्लमेंटात बसण्यास मनाई झाली ती याच समजुतीने, आणि आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात ती आली तीही त्याच वाटेने.

निवडणूक रद्द झाली, दोन्ही जागा रिकाम्या झाल्या, आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. त्या पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

त्यामागची पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय पुढे जे घडले त्याचे मोल कळणार नाही. १९५२ साली उत्तर मुंबई मतदारसंघात बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता एकमेकांच्या साह्याने लढले आणि दोघेही पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते मिळाली, आणि त्याच मतदारसंघात ७४,३३३ मते बाद झाली. द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते असत आणि ती दोन निरनिराळ्या उमेदवारांना द्यावी लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकली की एक बाद होई. याला लोकांच्या तोंडी 'मत कुजविणे' असा शब्द रूढ झाला होता. राखीव जागेचे मत कुजवा असा प्रचार आपल्याविरुद्ध झाला, अशी बाबासाहेबांची तक्रार होती आणि त्यांनी व मेहतांनी त्यावर निवडणूक अर्जही केला होता. म्हणजे हा घाव ताजा असताना ते दोन वर्षांनी भंडाऱ्यास आले. येथेही सर्वसाधारण जागेसाठी उमेदवार अशोक मेहताच होते, आता प्रजा समाजवादी पक्षाचे.

भंडाऱ्यात आजही जुनी माणसे सांगतात, आणि आंबेडकरी चळवळीच्या साहित्यातही हे पिढ्यानुपिढ्या सांगितले गेले आहे, की बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या काही कार्यकर्त्यांनी त्यांना सल्ला दिला: आपल्या माणसांना एकच मत द्यावयास सांगावे, दुसरे कुजवावे, म्हणजे आपले पारडे जड होईल. बाबासाहेबांनी तो सल्ला साफ नाकारला. ज्याने देशाला मताचा अधिकार लिहून दिला त्यानेच ते मत कुजवा म्हणून सांगणे त्यांना शक्य नव्हते. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता निवडून आले होते आणि बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले होते. सवर्ण मतदाराने आपले दुसरे मत त्यांना दिले असते तर निकाल निराळा लागला असता, ही खंत या जिल्ह्यातील अनेकांनी आयुष्यभर बाळगली आहे, आणि मी ती त्यांच्याकडूनच घेतली आहे.

या प्रसंगाकडे पराभवाची गोष्ट म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. उमेदवाराच्या सचोटीची याहून स्पष्ट कसोटी माझ्या वाचनात नाही. मत कुजविणे बेकायदा नव्हते. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोष दिला नसता. त्यांच्यावर तोच डाव खेळला गेल्याची त्यांची स्वतःची तक्रार होती, त्यामुळे जनतेनेही क्षमा केली असती. आणि लोकसभेत जाण्याची इच्छा तर उघड होती, एरव्ही राज्यसभेचे सदस्यत्व असताना वैनगंगाकाठच्या उन्हाळ्यात प्रकृतीची पर्वा न करता गावोगाव फिरण्याचे कारण नव्हते. एवढे सारे अनुकूल असता जे साधन हाती होते ते त्यांनी नाकारले. उमेदवाराने काय केले हे पाहण्याबरोबर त्याने जिंकण्यासाठी काय करण्याचे नाकारले, हे पाहावे. कारण केलेल्या कामाचे श्रेय घेणारे पुष्कळ असतात, नाकारलेल्या लाभाची जाहिरात सहसा कोणी करीत नाही. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले आणि मत कुजविण्याचा तो प्रकारही त्यांबरोबर गेला.

अशोक मेहतांचे पुढे काय झाले हेही पाहण्याजोगे आहे, कारण पक्षांतर आणि सचोटी यांचा संबंध आपण फार घाईने जोडतो. भंडाऱ्याने निवडून दिलेला हा समाजवादी नेता १९६३ साली नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष झाला, पुढील वर्षी काँग्रेसमध्ये गेला, केंद्रात मंत्री झाला, आणि जुन्या सहकाऱ्यांनी त्याला निष्ठा सोडल्याचा दोष दिला. परंतु १९६८ साली सोव्हिएट फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या आणि भारत सरकारने त्यांचा निःसंदिग्ध निषेध केला नाही, तेव्हा याच माणसाने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे आणीबाणीत तुरुंगवासही पत्करला. त्याने पक्ष बदलला हे खरे. पण मोल द्यावयाची वेळ आली तेव्हा ते स्वतःच्या पदरचे दिले हेही तितकेच खरे. आपल्याच मतदारसंघातील अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर २०१४ साली भारतीय जनता पक्षातर्फे निवडून आलेले नाना पटोले यांनी डिसेंबर २०१७ मध्ये पक्ष सोडला तेव्हा लोकसभेची जागाही सोडली, आणि २८ मे २०१८ रोजी पोटनिवडणूक होऊन मधुकर कुकडे निवडून आले. पटोले यांच्या राजकारणाशी कोणी सहमत असो वा नसो, ज्या चिन्हावर मते घेतली ते चिन्ह सोडताना त्या मतांनी मिळालेली खुर्चीही सोडणे, एवढे तरी पक्षांतर करणाऱ्याकडून मागण्याचा मतदाराला हक्क आहे. १९८५ साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टाचा मूळ हेतू हाच होता. त्याच्या पळवाटा शोधण्यात जी बुद्धी खर्च झाली तिचा इतिहास सर्वांसमोर आहे.

आता कागदाकडे वळू. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे असा निर्णय दिला. संसदेने त्यास मुरड घालण्याचा प्रयत्न केला, तो १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने मोडून काढला. आणि तेव्हापासून प्रत्येक उमेदवार आपले प्रतिज्ञापत्र दाखल करतो, ते निवडणूक कचेरीच्या फलकावर लागते. ही मोठीच गोष्ट आहे. पण हा कागद वाचावा कसा हे आपल्याला कोणी शिकविले नाही.

एका निवडणुकीच्या वेळी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. फलकापुढे एक म्हातारे शेतकरी उभे होते, काखेत सातबाऱ्याची पिशवी, आणि शेजारच्या कॉलेजातील मुलाकडून एका उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचून घेत होते. दागिने आले, मोटार आली, बँकेतील लाखांचे आकडे आले. म्हातारा नुसता हुंकार देत होता. मग शेतीचे गट क्रमांक आले आणि त्यांतील एका ओळीवर त्याने मुलाचा हात धरला. 'बाबू, हे वावर नोहे. हा आमच्या बोडीचा पोट हाये.' एवढेच बोलून तो पुन्हा ऐकू लागला. कागदावर ती शेतजमीन होती, दप्तराच्या दृष्टीने कदाचित बिनचूकही असेल; परंतु जिथे पावसाळ्यात तलावाचे पाणी चढते, जिथे गाव गुरे पाजते, ती जागा कोणाच्या नावावर कशी चढली हा प्रश्न त्या गावाबाहेरच्या कोणाही विश्लेषकाला सुचला नसता. प्रतिज्ञापत्र हे मतदाराच्या ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. पण ज्ञान असलेल्या मतदाराच्या हाती ते पडले की बोलू लागते.

गुन्ह्यांच्या रकान्याबाबतही हेच. 'याच्यावर इतके गुन्हे' अशी जी मोजणी होते ती मला अन्यायाची वाटते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली घरदार गेलेल्यांसाठी रस्त्यावर बसलेला, धानाच्या भावासाठी मोर्चा काढलेला कार्यकर्ता, त्याच्यावर २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे १४३ किंवा १८८ कलम लागलेले असते. आणि सोसायटीचे पैसे खाल्ल्याच्या आरोपाखाली ४०९ किंवा ४२० लागलेला दुसरा एखादा असतो. दोघांच्याही नावापुढे आकडा 'एक' असाच पडतो. कलम वाचावे, खटला कोठवर आला ते पाहावे, आणि शिक्षा व आरोप यांत भेद करावा. खोटे प्रतिज्ञापत्र केल्यास कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहेत. ती शिक्षा क्वचितच होते. नागपुरात २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन प्रकरणे नमूद न केल्याबद्दल देवेंद्र फडणवीस यांच्याविरुद्ध चाललेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आला आणि २०२३ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ९ एप्रिल २०२४ च्या एका निर्णयात, अरुणाचल प्रदेशातील निवडणुकीच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की उमेदवाराची प्रत्येक वस्तू जाणण्याचा हक्क मतदाराला नाही; जे दडविले त्याला काही वजन असले पाहिजे. हे रास्त आहे. आपल्याला उमेदवाराच्या घरातील भांडी मोजावयाची नाहीत.

जे मोजावयाचे आहे ते मक्ते. येथे मी पुन्हा विडीपाशी येतो. १९५४ च्या त्या निर्णयानंतर संसदेने कायदा सैल केला: मक्तेदाराने आपला भाग पुरा केला असेल आणि केवळ सरकारकडून पैसे येणे राहिले असतील, तर तो करार आता अपात्रतेस कारण होत नाही, शिवाय करार उमेदवाराने स्वतः केलेला असला पाहिजे, सबब भावाच्या, पत्नीच्या, मेहुण्याच्या नावे घेतलेला ठेका कायद्याच्या हातून निसटतो. उलट आपला ग्रामपंचायत कायदा पाहा. पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतः वा भागीदारामार्फत हितसंबंध असलेला माणूस तेथे सदस्य राहू शकत नाही. सरकारी जागेवर अतिक्रमण करणाराही राहू शकत नाही. चाळीस हजारांच्या नालीसाठी जी शुचिता आपण गावच्या पंचाकडून मागतो ती हजारो कोटींच्या कालव्याबाबत खासदाराकडून मागत नाही, ही विसंगती मला फार वर्षे सलत आली आहे.

आणि कालवा म्हणताच गोसीखुर्द आठवते. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात वैनगंगेवरील या धरणाचा पाया घातला गेला, तेव्हा त्याचा अंदाजी खर्च ३७२ कोटी होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने कंत्राटांबाबत गुन्हे नोंदविले, आणि पस्तीस वर्षे उलटली तरी टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचल्याचे सर्वांना म्हणता येत नाही. या काळात पक्ष आले, पक्ष गेले. मतदाराने प्रत्येक वेळी 'धरण कधी पुरे करता' हे विचारले. 'कालव्याचे काम कोणाच्या माणसाकडे आहे' हे फार थोड्यांनी विचारले. रेतीघाट कोणाकडे, धान खरेदीचे केंद्र कोणाच्या संस्थेकडे, भरडाईचे काम कोणाच्या गिरणीला, हे प्रश्न आपण चहाच्या टपरीवर रोज बोलतो आणि सभेत कधीच विचारीत नाही. वस्तुतः १६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयानंतर प्रतिज्ञापत्रात उमेदवाराने आपले, पत्नीचे वा पतीचे, आश्रितांचे आणि भागीदारीच्या पेढीचे सरकारी करार लिहावयाचे असतात. रकाना आहे. तो कोरा असेल आणि गावाला ठेका ठाऊक असेल, तर तेवढी एक विसंगती शंभर भाषणांपेक्षा अधिक सांगून जाते.

पक्षांनी या बाबतीत काय केले ते थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. १३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा दिली की गुन्हे असलेला उमेदवार का निवडला याची कारणे पक्षाने जाहीर करावीत, आणि 'निवडून येण्याची क्षमता' हे कारण चालणार नाही. कारणे जाहीर होतात. ती वाचल्यावर बहुतेक उमेदवार समाजसेवक ठरतात. खर्चाची गोष्ट अशीच. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही.

राहिला मतदार, आणि त्याच्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या, कारण तेथे पदांचा उघड लिलाव झाला होता. पुष्कळांना त्यात वावगे वाटले नाही; पैसा देवळाला जाणार होता, कोणाच्या खिशात नव्हे. परंतु जो बोली लावून पद घेतो त्याच्याकडून हिशेब मागण्याचा अधिकार गावाने त्याच क्षणी विकलेला असतो, मग किंमत देवाच्या चरणी पडो वा मतदाराच्या हाती. मतदानाच्या आदल्या रात्री येणारे पाकीट हा त्याच लिलावाचा घरोघरी होणारा प्रकार आहे. पाकीट घेऊनही मत मनासारखे देतो, असे सांगणारे मला अनेक भेटतात, आणि त्यांचे म्हणणे मी खोटे मानीत नाही. पण पाच वर्षांनी त्याच उमेदवारापुढे उभे राहून ठेक्याचा जाब विचारण्याची वेळ येते तेव्हा त्यांचीच मान खाली जाते, हेही मी पाहिले आहे. गरिबीचे कारण पुढे केले जाते. ज्या पिढीने १९५४ साली बाबासाहेबांना मत देण्यासाठी मजुरी बुडवून चालत मतदानकेंद्र गाठले, ती आजच्याहून श्रीमंत नव्हती.

आपल्या एकट्याच्या चौकशीने काय होणार, असे ज्याला वाटत असेल त्याने २०२४ चा साकोलीचा निकाल आठवावा: विधानसभेची ती जागा २०८ मतांनी ठरली. एका मोठ्या गावाच्या एका टोलीत याहून अधिक मतदार असतात.

म्हणून वाचकांना माझे एवढेच मागणे आहे. पुढच्या निवडणुकीत अर्ज भरून झाले की एक दिवस मोडा आणि तहसील कचेरीत जा. एकटे जाऊ नका. गावातील ज्या म्हाताऱ्याला प्रत्येक बोडीचा, प्रत्येक धुऱ्याचा इतिहास ठाऊक आहे त्याला आणि ज्याला वाचता येते त्या मुलाला बरोबर न्या. मालमत्तेच्या आकड्यांवर फार वेळ दवडू नका. सरकारी करारांचा रकाना काढा, जमिनीचे गट क्रमांक काढा, ते मोठ्याने वाचून घ्या, आणि जे कळेल ते प्रचारसभेत, उमेदवाराच्या तोंडावर, त्याचे नाव आदराने घेऊन विचारा.